लुकलुकणारा ब्रेक दिवा (मोटारसायकल)

लुकलुकणारा ब्रेक दिवा म्हणजे ब्रेक दाबताच काही वेळा उघडझाप करून नंतर स्थिर पेटणारा मोटारसायकलचा मागील दिवा. मागून येणाऱ्या चालकाचे लक्ष वेधणे हा त्याचा हेतू असतो. हौशी लोक घरी बनवत असलेल्या अशा परिपथांत बहुधा ५५५ ही कालमापक एकात्मिक चकती वापरली जाते. तिची रचना हान्स कॅमेनझिंड यांनी केली असून सिग्नेटिक्स कंपनीने ती १९७२ मध्ये बाजारात आणली.

रचना व कार्य

परिपथाला वीज ब्रेकच्या स्विचमधून मिळते. १० किलोओहम व १०० किलोओहमचे रोधक आणि २.२ मायक्रोफॅरडचे धारित्र वापरल्यास उघडझाप सेकंदाला सुमारे ३ वेळा होते. १२ व्होल्ट, २१ वॅटचा बल्ब सुमारे १.७५ अँपिअर प्रवाह घेतो; ५५५ फार तर २०० मिलिअँपिअर देऊ शकते. म्हणून मध्ये ट्रान्झिस्टर व पी-चॅनल मॉस्फेट जोडतात. सुमारे दोन सेकंदांनंतर दुसरा एक ट्रान्झिस्टर कालमापनाचे धारित्र शून्य दाबावर धरून ठेवतो. त्यामुळे ५५५ चे निर्गम उच्च राहते व दिवा स्थिर पेटतो.

दोषशोधन

प्रथम परिपथ वगळून स्विचची तार थेट दिव्याला जोडावी. तरीही दिवा न पेटल्यास दोष फ्यूज, स्विच, बल्ब किंवा अर्थच्या जोडणीत असतो. दिवा पेटल्यास दोष परिपथात आहे असे समजून मल्टिमीटरने क्रमाने तपासणी करावी.

* दिवा मुळीच पेटत नाही: पिन ८ व पिन १ यांमधील दाब मोजावा. तो शून्य असल्यास संरक्षक डायोड उलटा बसला असण्याची शक्यता असते. पिन ४ धन टोकाला जोडलेली असणे आवश्यक असते.
* दिवा लुकलुकत नाही, स्थिर पेटतो: पिन ३ वरील दाब खालीवर होत असल्यास दोष पुढे, बहुधा जळून आतून जोडल्या गेलेल्या मॉस्फेटमध्ये असतो. तो कायम उच्च असल्यास कालमापनाचे धारित्र तपासावे.
* लगेच दुसऱ्यांदा ब्रेक दाबल्यास लुकलुकत नाही: स्थिर अवस्थेसाठी लावलेले धारित्र रिकामे झालेले नसते. त्याला समांतर रोधक जोडावा.
* मागील दिवाही सोबत विझतो: दुहेरी तंतूच्या बल्बमध्ये अर्थ सामाईक असते. परिपथ अर्थची बाजू तोडत असल्यास हा दोष उद्भवतो. म्हणून धन बाजू तोडावी.
* गती अनियमित असते: अर्थची सैल जोडणी किंवा प्रज्वलन यंत्रणेतील दाबाचे झटके हे कारण असते. पिन ५ व अर्थ यांमध्ये ०.०१ मायक्रोफॅरडचे धारित्र लावावे.

सुरक्षितता व नियम

परिपथ बिघडल्यास ब्रेक दिवाच बंद पडणे हा सर्वांत गंभीर धोका होय, कारण चालकाला तो बसल्या जागेवरून दिसत नाही. यासाठी काही रचनांत सामान्यतः जोडलेल्या स्पर्शकांचा रिले वापरतात; परिपथ निकामी झाला तरी त्यातून दिवा स्थिर पेटतो. दिवा पहिल्या क्षणी विझलेला नसावा, याचीही खात्री करावी लागते.

अमेरिकेच्या संघीय मानक १०८ नुसार ब्रेक दिवा स्थिर पेटणारा असावा लागतो. संयुक्त राष्ट्रांच्या नियम ४८ मध्ये मोटारींसाठी आणीबाणीच्या ब्रेकचा लुकलुकणारा संकेत मान्य आहे. मात्र तो ताशी ५० किलोमीटरहून अधिक वेगात ब्रेक जोरात लावल्यासच सुरू व्हावा लागतो.