मूठ आणि पगार

ख्रिस्ती मंडळीचा खर्च म्हणजे परदेशी मिशनचा पैसा, अशी आपल्याकडे समजूत आहे. वास्तविक, आजच्या मिझोरमातील ख्रिस्ती स्त्रिया १९१० पासून प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ मंडळीसाठी बाजूला काढीत आल्या. ते उरलेले अन्न नव्हे, शिजण्यापूर्वीचा वाटा.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी तर मडकेच दिले. १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेऊन अमेरिकन मराठी मिशनची सेवा केल्यावर, १९१७ साली त्यांनी वेतनावर पाणी सोडले आणि ‘देवाचा दरबार’ उभारला. वय पंचावन्न! बरगीस बसून दरमहाचा हिशेब मांडणाऱ्या आम्हां कारकुनांस त्या वयाचा अर्थ ठाऊक आहे. तेव्हा माणूस पेन्शनीचे दिवस मोजू लागतो. दरबार जेमतेम रुजत होता, तोच ९ मे १९१९ रोजी टिळक निवर्तले.