अरण्यातील कायद्याची शाळा

कायद्याचे अज्ञान ही सबब चालत नाही, असे न्यायशास्त्राचे एक जुने सूत्र आहे. शहरातील सुशिक्षित गृहस्थासही हे सूत्र कधी कधी जाचते. मग ज्याच्या गावी कायद्याचे पुस्तक पोचलेच नाही, आणि पोचले तरी ते ज्या भाषेत छापले आहे ती त्याच्या घरी कोणी बोलत नाही, त्यास ते किती जाचत असेल! चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन अरण्यमय जिल्ह्यांचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास पाहू गेल्यास तो पुष्कळ अंशी या अज्ञानाचा इतिहास आहे. आणि त्यातील शेवटची चाळीस वर्षे हे अज्ञान काही गावांनी स्वत:च्या बुद्धीने कसे दूर केले, याची कहाणी आहे.

हे दोन्ही जिल्हे पूर्वी एकच होते. चांदा हे त्यांचे नाव. गडचिरोली वेगळा झाला तो २६ ऑगस्ट १९८२ रोजी. चांद्याच्या पूर्वभागातील जंगल इंग्रजी अमदानीत बरेचसे जमीनदारांच्या ताब्यात असे. त्यांत अहेरीची जमीनदारी सर्वांत मोठी. जमीनदार झाला तरी रयतेला घरासाठी लाकूड, कुंपणासाठी बांबू, चुलीसाठी जळण आणि गुरांना चराई ही मिळत असत. या घरगुती वापरास त्या प्रांतात ‘निस्तार’ म्हणतात. निस्तार म्हणजे भीक नव्हे. तो वहिवाटीचा हक्क होता. मध्य प्रांताच्या, पुढे मध्य प्रदेशाच्या, कायद्याने १९५१ साली जमीनदाऱ्या संपुष्टात आल्या आणि ती जंगले सरकारजमा झाली. निस्ताराचे हक्क कागदावर नोंदण्याची व्यवस्था झाली खरी, परंतु तो कागद राहिला कचेरीत आणि माणूस राहिला जंगलात. पुढे १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. राज्ये बदलली, दप्तरे एका राजधानीतून दुसरीकडे गेली. गावकऱ्यास मात्र जंगलाचा कायदा म्हणजे गार्डसाहेब, एवढेच ठाऊक.

वस्तुत: १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात केवळ निषेधच आहेत असे नव्हे. राखीव वन आणि संरक्षित वन यांच्या जोडीला त्यात ‘ग्रामवन’ नावाचा तिसरा प्रकार आहे. सरकारने मनात आणल्यास राखीव जंगलावरील आपले हक्क एखाद्या गावास सोपविता यावेत, अशी तरतूद त्याच्या अठ्ठाविसाव्या कलमात केलेली आहे. बहुतेक ठिकाणी हे कलम पुस्तकाबाहेर पडले नाही. ज्यांच्यासाठी ते लिहिले त्यांना ते माहीत नव्हते, आणि ज्यांना माहीत होते त्यांना त्याची निकड नव्हती.

१९८० नंतरच्या काही वर्षांत गोदावरीवर इंचमपल्ली आणि इंद्रावतीवर भोपालपट्टणम् येथे मोठी धरणे बांधण्याचे घाटत होते. शेकडो चौरस मैल जंगल आणि त्यातील गावे पाण्याखाली जाणार, हे कळताच ‘जंगल बचाव, मानव बचाव’ ही चळवळ उभी राहिली. बाबा आमटे यांच्यासारख्यांचा तीस पाठिंबा होता. धरणे झाली नाहीत. पण चळवळ ओसरल्यावर जो प्रश्न शिल्लक राहतो, तो येथेही राहिला. जंगल वाचविले ते कोणासाठी, आणि उद्यापासून त्याची राखण कोणी करावयाची? जयप्रकाशांच्या आंदोलनातून घडलेले श्री. मोहन हिराबाई हिरालाल हे याच प्रश्नाच्या मागे लागले होते. १९८४ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘वृक्षमित्र’ ही संस्था स्थापन केली, आणि धानोरा तालुक्यातील मेंढा या गावाशी तिचा ऋणानुबंध जडला. गडचिरोलीहून सुमारे तीस किलोमीटरवर असलेले हे गोंडांचे लहानसे गाव, शेजारच्या लेखा गावाच्या नावाने ‘मेंढा-लेखा’ म्हणून ओळखले जाते.

मेंढ्याला कायद्याचा पहिला धडा मिळाला तो घोटुलाच्या निमित्ताने. घोटुल म्हणजे गोंड तरुण-तरुणींचे एकत्र जमण्याचे घर. ते गावाचे विद्यापीठही आणि सभागृहही. मोडकळीस आलेले घोटुल गावकऱ्यांनी सागवान आणून नव्याने बांधले, आणि वनखात्याने ते लाकूड बेकायदेशीर ठरवून उतरविले. खात्याच्या बाजूनेही बोलता येईल. परवान्यावाचून सागवान तोडू देणे अधिकाऱ्याच्या हाती नव्हते. परंतु गावाच्या मनात जो प्रश्न उभा राहिला तो निराळा होता. ज्या जंगलात आजा-पणजांनी घोटुल बांधले, त्यात आपला काहीच हक्क नाही काय? आसपासची गावे एक झाली, त्यांनीही आपापल्या गावी घोटुले उभारली, आणि खात्यास हात आवरता घ्यावा लागला. मेंढा जिंकले खरे, पण ते संख्याबळावर. कायदा काय म्हणतो, हे तेव्हाही कोणास नीट ठाऊक नव्हते.

येथून पुढे जे घडले तेच या कहाणीचे मर्म आहे. वृक्षमित्राने गावात व्याख्याने दिली नाहीत, की भिंतीवर कलमे रंगविली नाहीत. गावात ‘अभ्यासगट’ सुरू झाला. त्याची रीत अशी, की ज्याला विषय समजून घ्यावयाचा आहे त्याने यावे. तेथे शंका काढाव्या, वाद घालावा, बाहेरचा जाणकार बोलवावा, त्याची उलटतपासणी करावी. मात्र निर्णय तेथे करावयाचा नाही. निर्णय ग्रामसभेत, आणि तोही सर्वांच्या संमतीने, बहुमताने नव्हे. विचार करण्याची जागा आणि ठरविण्याची जागा अशा रीतीने निराळ्या ठेवल्यामुळे एक मोठा लाभ झाला. अभ्यासगटात कोणास हरण्या-जिंकण्याचे भय राहिले नाही. ज्याला वाचता येत नाही तोही मोकळेपणाने विचारू शके, की हा शब्द येथे का घातला? वकिलीच्या परीक्षेस बसणाऱ्यालाही हा प्रश्न पुष्कळदा सुचत नाही. आणि सर्वसंमतीची अट असल्यामुळे एकाच्याही मनातील शंका ओलांडून पुढे जाता येत नसे. कलम सर्वांना कळेपर्यंत काम थांबे. यात वेळ फार जाई, श्री. देवाजी तोफा यांच्यासारखे गावचे धुरीण त्याबद्दल कधी कुरकुरले नाहीत. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही मेंढ्याची घोषणा पुढे दूरवर गेली. ऐकणाऱ्यास ती बंडखोरीची वाटली. वस्तुत: तिचा पूर्वार्ध राज्यघटना मान्य करणारा आहे.

संसदेने २००६ च्या डिसेंबरात वनहक्क कायदा संमत केला आणि १ जानेवारी २००८ पासून त्याचे नियम लागू झाले, तेव्हा या गावाची तयारी झालेली होती. या कायद्यात दोन गोष्टी विलक्षण आहेत. एक म्हणजे हक्क ठरविण्याच्या कामास आरंभ ग्रामसभेने करावयाचा, कचेरीने नव्हे. दुसरी पुराव्याची. तेराव्या नियमाप्रमाणे सरकारी कागदांच्या बरोबरीने जुन्या विहिरी, दहन-दफनाच्या जागा, देवस्थाने, आणि दावेदाराव्यतिरिक्त गावातील वृद्धांचे लिहून घेतलेले निवेदन हेही पुरावे ठरतात. असे एकाहून अधिक पुरावे हवेत, एवढेच. ज्या ज्ञानाला कचेरीत आजवर कवडीची किंमत नव्हती, ते म्हाताऱ्याकोताऱ्यांचे ज्ञान एकाएकी दस्तऐवज होऊन बसले! मेंढ्याने दावा केला आणि २००९ मध्ये १८०९.६१ हेक्टर जंगलावरील सामूहिक हक्क त्यास मिळाला. असा हक्क मिळालेल्या देशातील अगदी पहिल्या गावांत मेंढ्याची गणना होते.

खरी परीक्षा पुढेच होती, आणि ती एका शब्दावर येऊन ठेपली. तो शब्द बांबू. या मुलखात बांबूवाचून संसार नाही. सूप, टोपली, ताट्या, कुंपण, पावसाळ्यात भाजीला वास्ते, सारे त्याचेच. त्याच बांबूवर बल्लारपूरची कागदगिरणी चाले. वनस्पतिशास्त्र सांगते की बांबू हे गवत. १९२७ च्या कायद्याने मात्र ‘झाड’ या शब्दाची व्याख्या करताना ताडा-माडांच्या पंक्तीस बांबूही बसविला होता. झाड म्हटले की त्याचे लाकूड झाले, आणि लाकूड झाले की ते सरकारचे. उलट २००६ च्या कायद्याने गौण वनोपजांच्या यादीत मध, मेण, लाख, तेंदूपाने यांच्याबरोबर बांबूचे नाव स्पष्ट घातले, आणि गौण वनोपजाची मालकी गावाची ठरविली. आता मेंढ्याने आपल्या जंगलातील बांबू विकावयाचे ठरविले. वनखात्याने वाहतुकीचा परवाना देण्याचे नाकारले. परवान्यावाचून गाडी नाक्यावर अडणार. मग मालकी असून उपयोग काय? मालकी गावाची, रस्ता खात्याचा, असा तो पेच होता.

येथे गावाने घोटुलाच्या वेळेप्रमाणे केवळ जमाव जमविला नाही. नव्या कायद्यातील व्याख्या पुढे करून त्याने विचारले, की दोन कायद्यांत विरोध असेल तर मागाहून झालेला, विशेष हेतूने झालेला कायदा मानावयाचा की नाही? या प्रश्नाला उत्तर देणे सोपे नव्हते. बांबू गौण वनोपज समजावा, असे केंद्रीय मंत्री श्री. जयराम रमेश यांनी मार्च २०११ मध्ये राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना लिहिले, आणि २७ एप्रिल २०११ रोजी ते मुख्यमंत्री श्री. पृथ्वीराज चव्हाण यांच्यासह मेंढ्यास आले. त्या दिवशी वाहतूक परवान्यांचे पुस्तकच ग्रामसभेच्या हाती पडले. परवाना मागणारे गाव परवाना देणारे झाले. सप्टेंबर २०१२ मध्ये नियमांत दुरुस्ती होऊन हा अधिकार सर्वच ग्रामसभांच्या समित्यांना मिळाला.

चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावनेही हाच मार्ग धरला. तेथे ‘पर्यावरणमित्र’ संस्थेचे साहाय्य होते, आणि २०१२ मध्ये सुमारे हजार हेक्टरांचा हक्क गावास मिळाला. त्या गावाने बांबू विकला, पण तेंदूपाने तोडणे बंद ठेवले. कारण पानांसाठी फांद्या छाटतात, आगी लावतात आणि जंगल खंगते. पैसा समोर दिसत असता तो नाकारण्याचा हा ठराव कोणत्याही कलमाने सांगितलेला नाही. पुढे गडचिरोली जिल्ह्यात हजाराहून अधिक गावांना सामूहिक हक्क मिळाले. सर्वच ठिकाणी मेंढा झाले, असे मात्र कोणी समजू नये. पुष्कळ गावी हक्काचा कागद आला आणि त्याच्या आधी अभ्यास झालेला नसल्याने कंत्राटदाराने दिलेल्या भावावर अंगठा उठला.

सरकारी बाजूने कायद्याचे शिक्षण देण्याचा प्रयत्न झालाच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९८७ चा विधि सेवा प्राधिकरण कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. अनुसूचित जमातीच्या व्यक्तीस आणि कोणत्याही स्त्रीस, उत्पन्न कितीही असो, फुकट वकील मिळण्याचा हक्क त्याने दिला. तालुक्यातालुक्यांतून कायदेविषयक शिबिरे होऊ लागली. परंतु शिबिरात वक्ता बोलतो, पत्रके वाटली जातात आणि मंडळी घरी जातात. गोंडी, माडिया, तेलुगू, छत्तीसगढी, बंगाली बोलणाऱ्या या जिल्ह्यात शासकीय मराठीतील पत्रक किती घरांत वाचले जाते, हे सांगावयास नको. शिबिराला दोष नाही. पण ते एका दुपारचे असते आणि मेंढ्याचा अभ्यासगट वर्षानुवर्षांचा.

बांबूच्या शब्दाचा निकाल अखेर कायद्याच्या पुस्तकातही लागला. २०१७ च्या अखेरीस १९२७ च्या अधिनियमातील ‘झाड’ या शब्दाची व्याख्या बदलण्यात आली. त्यामागचा हेतू जंगलाबाहेर बांबू लावणाऱ्या शेतकऱ्यास परवान्यातून सोडविण्याचा होता. मेंढ्याचे नाव त्यात कोठे नाही. ताड तेथे राहिला, वेत राहिला, खुंट राहिले. बांबू हा एक शब्द तेवढा खोडला गेला.