सुपारीवरील कोळेरोग : बागायतदारांचे ज्ञान आणि प्रयोगशाळेचे शास्त्र

पश्चिम घाटाच्या पावसाळी पट्ट्यात, म्हणजे मलनाड, दोन्ही कानडा जिल्हे, गोमंतकातील कुळागरे आणि कोकणातील आगरे येथे, पोफळीच्या बागायतदारास सर्वाधिक भय वाटत आले ते कोळेरोगाचे. ‘कोळे’ या कानडी शब्दाचा अर्थ कुजणे. नैर्ऋत्य मोसमी पावसाचा जोर वाढला की कोवळ्या सुपारीच्या देठाकडील भागावर पाणी मुरल्यासारखे गर्द हिरवे डाग पडतात, फळावर पांढरी बुरशी चढते आणि सुपारी गळून पडते. रोग शेंड्यात शिरल्यास झाडच दगावते. पोफळ फळावर येण्यास पाच-सात वर्षे लागत असल्याने ही हानी एका हंगामापुरती राहत नाही.

भारत सरकारचे कवकशास्त्रज्ञ ई. जे. बटलर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी या रोगाकडे लक्ष दिले. तथापि त्याचा सखोल अभ्यास झाला तो म्हैसूर संस्थानात. १९०८ मध्ये संस्थानच्या सेवेत आलेले कॅनेडियन शास्त्रज्ञ लेस्ली कोलमन यांनी १९१० मध्ये आपले संशोधन प्रसिद्ध केले. फायटोफ्थोरा वर्गातील या जीवाचे बीजाणू पाण्यात पोहत पसरतात. पाऊस आणि रोग यांच्या संबंधाचे मर्म येथे आहे. (आजच्या वर्गीकरणानुसार हा जीव खरी बुरशी नसून शैवालांना अधिक जवळचा आहे, व्यवहारात मात्र ‘बुरशीजन्य रोग’ हीच संज्ञा रूढ आहे.)

कोळेरोगाचा इतिहास सहसा येथूनच सुरू केला जातो. ही मांडणी अपुरी आहे. कोलमन येण्यापूर्वीच मलनाडातील बागायतदार पावसाळ्याच्या तोंडाशी गवताची वा पोफळीच्या विऱ्यांची आवरणे करून प्रत्येक घडावर बांधीत असत. बीजाणूंची कल्पना नसतानाही पाणी फळापर्यंत पोहोचू नये, हे सूत्र त्यांना अनुभवाने गवसले होते. उपाय परिणामकारक होता. पण दरवर्षी झाडागणिक आवरणे विणणे व चढून बांधणे हे अतिशय श्रमाचे काम असे.

कोलमन यांनी पर्याय म्हणून बोर्डो मिश्रण सुचविले. या मिश्रणाचा उगमही एका शेतकी रिवाजातच आहे. फ्रान्समधील मेडॉक प्रांतात रस्त्यालगतची द्राक्षे वाटसरूंनी तोडू नयेत म्हणून त्यांवर मोरचूद व चुना शिंपडीत. त्या वेलींवर केवडा कमी दिसतो, हे मिलार्दे यांनी १८८२ मध्ये पाहिले व १८८५ मध्ये प्रसिद्ध केले. मलनाडात अडचण वेगळी होती. तेथील मुसळधार पावसात साधे मिश्रण धुऊन जाई. कोलमन यांनी त्यात राळ व सोडा यांचे चिकट द्रावण मिसळण्याची पद्धत घालून दिली. परकीय औषध स्थानिक हवामानास जुळवून घेण्याचे हे काम, रोगकारकाच्या शोधाइतकेच महत्त्वाचे मानावे लागेल. आजही १ किलो मोरचूद, १ किलो चुना व १०० लिटर पाणी हे १ टक्का मिश्रण मोसमी पावसापूर्वी आणि त्यानंतर सुमारे ४० ते ४५ दिवसांनी फवारण्याची शिफारस केली जाते. वर्षानुवर्षांच्या फवारणीने जमिनीत तांबे साठत जाते, ही बाजू मात्र दीर्घकाळ दुर्लक्षित राहिली.

फवारणीमुळे आवरणांचा खर्च वाचला. चढणे वाचले नाही. निसरड्या, उंच खोडावर चढून एका शेंड्यावरून दुसऱ्याकडे झेप घेणाऱ्या कुशल मजुरावरच संपूर्ण उपाययोजना अवलंबून राहिली आणि रोगनियंत्रणाच्या लिखित इतिहासात त्याला क्वचितच स्थान मिळाले. पुढे १९५६ मध्ये विट्टल येथे सुपारी संशोधन केंद्र सुरू झाले. घडांवर पॉलिथिनची आवरणे घालण्याची शिफारसही कालांतराने झाली. म्हणजे जुनी विरीच नव्या रूपात परत आली. झाडावर चढणारे मजूर दुर्मीळ झाल्याने अलीकडे जमिनीवरून फवारता येईल अशा लांब, हलक्या दांड्या बागांमध्ये दिसू लागल्या आहेत.