लक्ष्मीबाई टिळक: सोवळ्यातून समाधानाकडे

  आजची गोष्ट आपल्या जिल्ह्यातल्या पंढरपुरातून जाते.

१० फेब्रुवारी १८९५. कवी नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि ते ख्रिस्ती झाले. हे टिळक म्हणजे लोकमान्य नव्हेत हां, हे 'फुलामुलांचे कवी'. त्यांच्या बायकोला, लक्ष्मीबाईंना, ही बातमी म्हणजे वज्राघातच. नवरा जिवंत, पण संसार मोडलेला. लहानग्या दत्तूला घेऊन त्या नातेवाइकांच्या आधाराने राहिल्या. त्यातला बराच काळ पंढरपुरात गेला. ही ताटातूट जवळपास साडेचार वर्षं चालली.

आता थोडं मागे जाऊ. १८५७ च्या धामधुमीत लक्ष्मीबाईंच्या आजोबांना, म्हणजे आईच्या वडिलांना, इंग्रजांनी फाशी दिली. त्या धक्क्याने लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याचं वेडच लागलं. बाजारातून आणलेलं मीठसुद्धा ते धुवून घ्यायचे! म्हणजे बघा, त्या घरात सोवळं हा नुसता धर्म नव्हता, भीती होती. लक्ष्मीबाई त्यातच वाढल्या.

म्हणूनच पुढचा भाग महत्त्वाचा. त्या अहमदनगरला नवऱ्याकडे परत आल्या, पण ख्रिस्ती व्हायला नाही. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. टिळकांनीही जबरदस्ती केली नाही. बदल झाला तो हळूहळू, त्यांच्या स्वतःच्या विचाराने. देवाने माणूस केला, जाती माणसाने केल्या, असं त्यांना पटलं. मग त्यांनी आधी काय सोडलं? पाण्याचा विटाळ! कुणाच्याही हातचं पाणी चालेल, असं ठरवलं. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली.

मला इथे थांबावंसं वाटतं. श्रद्धा म्हटलं की आपल्याला चमत्कार आठवतो: प्रार्थना केली आणि संकट गेलं. लक्ष्मीबाईंचं तसं काहीच झालं नाही. टिळकांचा हात सढळ, त्यामुळे घरात पैसा टिकायचा नाही. ९ मे १९१९ ला टिळक गेले. म्हणजे अडचणी होत्या तिथेच होत्या. गेली ती भीती. आणि भीती गेल्यावर जी जागा मोकळी झाली, तिथे माणसं आली, काम आलं, हसू आलं.

काम किती? टिळकांनी 'ख्रिस्तायन' हे येशूच्या चरित्रावरचं महाकाव्य सुरू केलं होतं, ते अर्धवट राहिलं. शाळेत कधी न गेलेल्या लक्ष्मीबाईंनी ६४ अध्याय लिहून ते पूर्ण केलं. आणि 'स्मृतिचित्रे'! १९३४ पासून भागाभागाने आलेलं हे आत्मचरित्र आजही मराठीतल्या उत्तम पुस्तकांत मोजलं जातं. त्यात रडगाणं नाही. नवऱ्याचा राग, वडिलांचं सोवळं, स्वतःची फजिती, सगळं त्या मिश्कीलपणे सांगतात. ज्या दुःखाने कधीकाळी उभं मोडलं होतं, त्याच्याकडे बघून हसता येणं, याला मी समाधान म्हणेन.

तुम्ही कुठल्याही धर्माचे असा, नाहीतर कुठलाच मानत नसा, 'स्मृतिचित्रे' जरूर वाचा. पंढरपूरची पानं वाचताना एवढंच लक्षात ठेवा: तेव्हा त्या बाईला पुढचं काहीच माहीत नव्हतं.