वऱ्हाडाखाली ज्वालामुखी जागा होतोय का? अमरावती-अकोल्याला भूकंपाचा धोका किती?

३० सप्टेंबर २०२४. दुपारी दीडच्या सुमारास चिखलदरा, अचलपूर, परतवाडा भागातली जमीन हादरली. तीव्रता होती ४.२. त्याआधी २०१८ च्या पावसाळ्यात धारणी तालुक्यातल्या साद्राबाडी परिसरात दिवसेंदिवस हादरे बसत होते आणि जमिनीतून आवाज येत होते. असं काही झालं की सातपुड्यात ज्वालामुखी जागा होतोय, ही शंका हमखास निघते. कुणाला सालबर्डीचे गरम पाण्याचे झरे आठवतात, कुणाला लोणार.

तर आधी ज्वालामुखीचं बघू. वऱ्हाडात लाव्हा वाहिलाय हे खरंच आहे. आपली काळी माती ज्या दगडापासून झाली, तो बेसाल्ट म्हणजे गोठलेला लाव्हाच. पण ही गोष्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीची. तो लाव्हा ज्या उष्णतेमुळे वर आला, तिची जागा पृथ्वीच्या पोटात खोल आहे आणि भारताची भूमी तिच्यावरून सरकत उत्तरेला निघून आली. चूल तिथंच राहिली, तवा पुढे गेला. ती चूल आज हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली आहे आणि तिथला ज्वालामुखी अजूनही उसळतो. भारतात सक्रिय ज्वालामुखी एकच, अंदमानातल्या बॅरन बेटावर.

लोणारचा खड्डा उल्का आदळून झालाय, त्याचा इथे संबंध नाही. सालबर्डीचं पाणीही लाव्हानं तापत नाही. पावसाचं पाणी भेगांमधून खोल मुरतं, तिथल्या उष्णतेनं तापतं आणि वर येतं.

खरी काळजी त्या भेगांची.

मेळघाटातून खाली उतरताना डोंगर एकदम संपतो आणि सपाट काळं रान सुरू होतं. या कडेला जमिनीत एक जुनी मोठी भेग आहे, गाविलगड फॉल्ट. तिच्या उत्तरेचा भाग उचलला गेला, दक्षिणेचा खचला. खचलेल्या भागात पूर्णा नदीनं शेकडो मीटर गाळ भरला. अकोला, अमरावती, बुलढाण्यातला खारपाणपट्टा तो हाच.

जगातले बहुतेक भूकंप आणि ज्वालामुखी भूपट्टांच्या कडांवर होतात. म्हणून जपान, इंडोनेशिया, चिली कायम बातम्यांत असतात. वऱ्हाड अशा कडेपासून लांब आहे. पण भारताचा पट्ट वर्षाला साधारण पाच सेंटिमीटर उत्तरेला सरकून आशियाला रेटतो. त्यानं हिमालय तर हलतोच, पण हा ताण पट्टाच्या आतही पोचतो आणि गाविलगडसारख्या जुन्या भेगा अधूनमधून सरकतात. १९९७ मध्ये जबलपूरला झालेला ५.८ तीव्रतेचा भूकंप याच सातपुडा-नर्मदा पट्ट्यातला.

भूकंपाच्या नकाशावर वऱ्हाड कमी ते मध्यम धोक्यात येतं. पण नकाशावर किती विसंबायचं? किल्लारी तर तेव्हाच्या नकाशात सगळ्यात कमी धोक्याच्या झोन १ मध्ये होती. १९९२ मध्ये तिथेही लहान हादरे बसले होते. पुढच्या वर्षी ३० सप्टेंबरलाच, विसर्जनानंतरच्या पहाटे, ६.२ चा भूकंप झाला. ४.२ आणि ६.२ मध्ये दोनचाच फरक दिसतो, पण सुटणारी ऊर्जा सुमारे हजारपट असते. नंतर २००२ मध्ये झोन १ नकाशातूनच काढून टाकला.

याचा अर्थ मेळघाटातल्या प्रत्येक हादऱ्यामागून मोठा भूकंप येतो असा नाही. बहुतेक वेळा येत नाही. कधी येईल हे आधी सांगता येत नाही, त्यामुळे 'आज रात्री भूकंप होणार' असा मेसेज आला तर तो खोटाच समजायचा.

किल्लारीत हजारो माणसं गेली, त्यातली बहुतेक घराखाली दबून. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचं जड छत, अशी ती घरं होती. वऱ्हाडातल्या जुन्या धाब्याच्या घरांवरही मातीचा असाच भार असतो, शिवाय पूर्णेच्या गाळाच्या जमिनीत कंपनं कातळापेक्षा वाढतात. नवं बांधताना दारं-खिडक्यांच्या वरून सगळ्या भिंतींना जोडणारा सलग आरसीसी पट्टा घातला, तर भिंती सुट्या होऊन कोसळण्याची शक्यता बरीच कमी होते. जुन्या धाब्यावर गळती थांबवायला दरवर्षी मातीचा नवा थर चढवतात, तो चढवण्याआधी निदान जुना काढायला हवा.