सोन्याचं मांजर आणि पोत्यातली पिल्लं

मांजर मारलं तर काशीला जाऊन सोन्याचं मांजर दान करावं लागतं, असं आमच्या आधीच्या पिढीतली माणसं खात्रीनं सांगत. मनुस्मृतीतसुद्धा मांजर मारणाऱ्याला प्रायश्चित्त सांगितलेलं आहे. सोन्याचं मांजर घडवण्याची ऐपत आमच्या खडवलीत कोणाची असणार? त्यामुळे मांजर कोणी मारत नसे. पण मांजरी वर्षातून दोन-तीनदा व्यायची आणि दर खेपेला तीन-चार पिल्लं व्हायची. मग त्या पिल्लांचं काय होत असे? श्रोतेहो, आज मला या प्रश्नाचा इतिहास सांगायचा आहे. तो बखरीत सापडत नाही, पण आपल्या सगळ्यांच्या घरात घडलेला आहे.

कल्याणहून कसाऱ्याकडे निघालं की टिटवाळ्याच्या पुढचं स्टेशन खडवली. भातसा नदीच्या काठचं गाव, चहूकडे भातशेती. भात घरात आलं की कणगीत जायचं आणि त्याच्यामागे उंदीर यायचे. म्हणून घरात मांजर असायचं. ते कोणी मुद्दाम पाळलेलं नसे, ते घरात ‘असे’. दुपारी ताटातला दूधभाताचा घास मिळे, बाकी पोट त्याचं त्यानं भरायचं. भाटी, म्हणजे मांजराची मादी, माळ्यावर नाहीतर गोठ्यातल्या पेंढ्यात वीत असे आणि पिल्लांना तोंडात धरून सात घरं फिरवत असे. पिल्लं पायात येऊ लागली की घरात बोलणी सुरू होत. एखादा बोका शेजारी मागून नेत, कारण बोका वीत नाही. उरलेल्या पिल्लांना पोत्यात घालून घरातलं मोठं माणूस नदीपलीकडे जाई. पाणी ओलांडलं की मांजर परत येत नाही, अशी समजूत. कोणी पिशवी घेऊन लोकलमध्ये बसे आणि दोन-तीन स्टेशनं सोडून उतरे.

परत आल्यावर म्हणत, ‘सोडून आलो.’ या दोन शब्दांत सगळं येई. आपण मारलं नाही, सोडलं. पुढे कुत्र्यानं, कोल्ह्यानं किंवा भुकेनं जे केलं ते आपल्या खात्यावर नाही. ही माणसं निर्दय होती, असं मी म्हणणार नाही. तीच माणसं उन्हाळ्यात पाखरांसाठी पाणी ठेवत. त्यांच्यापुढे दोनच वाटा होत्या, मारणं आणि सोडणं. त्यातली कमी पापाची त्यांनी निवडली.

शहरातल्या जीवदयेची चौकटही अशीच होती. १८३२ साली मुंबईत सरकारनं मोकाट कुत्री मारायचा हुकूम काढला, मारणाऱ्याला बक्षीसही ठेवलं. पारशी समाजाला कुत्रा पवित्र. कोटात दंगल उसळली, लष्कर बोलवावं लागलं. दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये सर जमशेटजी जीजीभाई आणि शेठ मोतीशा या मंडळींच्या पुढाकारानं भुलेश्वरला पांजरापोळ सुरू झाली. १८७४ मध्ये प्राण्यांवरील क्रूरतेविरुद्ध काम करणारी संस्था मुंबईत स्थापन झाली आणि त्यानंतर दिनशॉ माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून परळला जनावरांचं इस्पितळ उभं राहिलं. ही कामं मोठी आहेत. पण त्या काळी दयेचा अर्थ एकच होता : जन्मलेल्या जिवाला मारायचं नाही. किती जीव जन्माला येतात, याचा विचार दयेत मोडत नव्हता.

मधल्या काळात मांजराचा भाव एकदा चांगलाच वधारला होता. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि ठाणे जिल्ह्यासह सगळीकडे पसरला. उंदीर आणि पिसवा यांच्यामार्फत तो फैलावतो, हे हळूहळू सिद्ध झालं. तेव्हा अमरावतीचे सिव्हिल सर्जन अँड्र्यू ब्यूकॅनन यांनी गावोगावची मांजरं मोजायला घेतली. ज्या गावात मांजरं जास्त, तिथं प्लेग कमी, असं त्यांचं म्हणणं. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये १९०८ साली त्यांनी ते मांडलं. मांजरं वाढवा, असा त्याचा सारांश. वऱ्हाडात मांजरांची शिरगणती झाली होती, हे आज सांगितलं तर ऐकणारा हसतो. पण तोवर मांजराची गरज किती खरी होती, ते यावरून कळतं.

स्वातंत्र्यानंतर रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत प्राण्यांच्या छळाविरुद्ध विधेयक आणलं. ते त्यांनी सरकारच्या आश्वासनावरून मागे घेतलं आणि १९६० मध्ये सरकारचाच कायदा झाला. त्याच्या अकराव्या कलमात एक वाक्य आपल्या विषयाचं आहे. भुकेनं-तहानेनं हाल होतील अशा अवस्थेत जनावर सोडून देणं हा गुन्हा आहे. म्हणजे आमच्याकडचं ‘सोडून येणं’ कायद्यानं गुन्हा ठरलं. पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये! या दंडाला कोण भिणार? आणि मुळात तिसरी वाट दाखवल्याशिवाय नुसता गुन्हा ठरवून काय उपयोग?

ती तिसरी वाट म्हणजे शस्त्रक्रिया. खरं तर शेतकऱ्याला ही कल्पना नवीन नव्हती. नांगराला जुंपायचा बैल खच्ची करतात, हे खेड्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. पण ते कामासाठी. मांजरीचं ऑपरेशन म्हटलं की मात्र लोक दचकत. निसर्गाच्या कामात हात घालू नये, असं म्हणत. आणि ‘नसबंदी’ या शब्दाला एक वेगळंच ओझं होतं. १९२१ मध्ये र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, तेव्हा त्यांना काय सोसावं लागलं ते आपण जाणतो. पुढे कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण गावागावांच्या भिंतींवर आला. १९७६ मध्ये, आणीबाणीत, महाराष्ट्राच्या विधिमंडळानं सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यानं तो कायदा झाला नाही, पण शिबिरांची धास्ती लोकांच्या मनात राहिली. ज्यांनी ते दिवस पाहिले, त्यांना मांजराच्या बाबतीतही तो शब्द नको वाटे. म्हणून आजही दवाखान्यात माणसं नुसतं ‘ऑपरेशन’ म्हणतात.

विचार बदलला तो आधी कुत्र्यांमुळे. चेन्नईच्या ‘ब्लू क्रॉस’नं १९६४ पासून भटक्या कुत्र्यांची शस्त्रक्रिया करून त्यांना परत सोडायची पद्धत सुरू केली. मुंबईत महापालिका १९९४ पर्यंत कुत्री मारत होती. २००१ मध्ये केंद्रानं प्राणी जन्म नियंत्रणाचे नियम केले. त्यांच्या नावातच कंसात ‘कुत्रे’ असं लिहिलेलं होतं. मांजरांना कोणी विचारलं नाही. कुत्रा चावतो, रेबीजची भीती असते, म्हणून त्याची तक्रार होते. मांजराची पिल्लं जिन्याखाली गुपचूप मरतात, त्यांची तक्रार कोण करणार? मुंबई महापालिकेनं मांजरांची शस्त्रक्रिया हाती घेतली ती २०१९ च्या सुमारास. २०२३ मध्ये नवे नियम आले, तेव्हा नावातला तो कंस गेला.

या सगळ्यात कागदापेक्षा जास्त काम घरांनी केलं. कौलं जाऊन स्लॅब आली, माळा गेला, कणगी गेली. उंदरासाठी मांजर ठेवायची गरज उरली नाही. जी मांजरं राहिली ती लळ्यानं राहिली. कल्याण-डोंबिवलीच्या दोन खोल्यांत मांजरी व्याली की पिल्लं ‘सोडायला’ नदीही नव्हती. त्याच शहरांत जखमी आणि टाकलेल्या प्राण्यांसाठी धावणारी तरुण मुलं पुढे आली. आता पिल्लू सापडलं की त्याचा फोटो मोबाइलवर फिरतो, घर मिळेपर्यंत कोणीतरी ते सांभाळतं आणि देताना अट घालतं : वेळेवर ऑपरेशन करायचं. पूर्वी पिल्लू मागून नेणाऱ्याला कोणी अट घातली असती तर वेड्यात काढलं असतं.

आक्षेप अजून आहेत आणि ते टाकाऊ नाहीत. आमच्या शेजारच्या आजी म्हणतात, ‘एकदा तरी तिला आई होऊ दे की!’ यामागे माया आहे. पण डॉक्टर सांगतात, एकदा व्यायल्यानं मांजरीच्या प्रकृतीला काही फायदा नाही. उलट लवकर शस्त्रक्रिया केली तर गर्भाशयात पू होण्याचा धोका टळतो, स्तनाच्या गाठींचा बराच कमी होतो. मांजरी चार-पाच महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते, गर्भाचा काळ साधारण नऊ आठवड्यांचा, आणि पिल्लं अंगावर पीत असतानाही ती पुन्हा गाभण राहते. पहिल्या पिल्लांची सोय लागेपर्यंत दुसरी आलेली असतात.

खडवलीची अडचण मात्र वेगळी आहे. शहर बदललं, पण शहराची सोडलेली पिल्लं आता आमच्याकडे येतात. सुटीच्या दिवशी नदीवर सहलीला माणसं येतात, आणि संध्याकाळी गर्दी ओसरली की कधीकधी एखादा खोका मागे राहतो. ‘गावात खायला मिळेल’ असं सोडणाऱ्याला वाटत असावं. गावात मात्र पशुवैद्य म्हणजे गाईम्हशींचा डॉक्टर. मांजरीचं ऑपरेशन करायचं तर तिला टोपलीत घालून लोकलनं कल्याण गाठायचं, शुल्क भरायचं, मजुरीचा दिवस बुडवायचा. मोलमजुरी करणाऱ्या बाईला हे कसं परवडावं? गावागावांत महिन्यातून एक दिवस मांजरांच्या शस्त्रक्रियेसाठी ठेवला, तर पोत्याची वाट आपोआप बंद पडेल. ग्रामपंचायत, पशुवैद्यकीय दवाखाना आणि शहरातल्या संस्था यांनी मिळून करावं असं हे काम आहे, आणि फार मोठं नाही.

तोवर एवढं तरी करता येईल. रस्त्यावरच्या मांजराचा कान पाहा. डाव्या कानाचं टोक सरळ कापलेलं दिसलं, तर समजा की कोणीतरी तिला पकडून, ऑपरेशन करून, बरी झाल्यावर तिच्या जागी परत आणून सोडलेलं आहे. शब्द तोच आहे, ‘सोडलं’. फक्त सोडणाऱ्यानं आधी आपलं काम पुरं केलेलं आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)