मुलासाठी फुटबॉल क्लब शोधताना...

माहूर, प्रतिनिधी : रेणुकामातेच्या डोंगराखाली वाढणाऱ्या मुलाने 'मला फुटबॉल शिकायचा आहे' असा हट्ट धरला, तर पालकांपुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो अंतराचा. जिल्ह्याचे ठिकाण असलेले नांदेड शंभर किलोमीटरहून अधिक दूर. त्यामानाने पैनगंगेपलीकडचे यवतमाळ जवळ. मात्र शालेय क्रीडा स्पर्धांचा हिशेब अंतरावर नव्हे, तर शाळेच्या जिल्ह्यावर चालतो. माहूरच्या शाळेतील खेळाडू तालुका, जिल्हा आणि नंतर लातूर विभाग या मार्गाने राज्य स्पर्धेपर्यंत जातो. नदीपलीकडचा त्याचा मित्र अमरावती विभागातून. सरावासाठी यवतमाळ गाठले तरी स्पर्धेचे दार नांदेडचेच, हे आधी ध्यानात घ्यावे.

त्यामुळे तालुक्याच्या गावात क्लबची पाटी शोधत फिरण्यापेक्षा सुरुवात शाळेपासून करणे इष्ट. १४, १७ व १९ वर्षांखालील गटांत शाळा संघ उतरवते काय, हे क्रीडाशिक्षकांना विचारावे. १९६० पासून सुरू असलेल्या सुब्रतो चषकाची वाटही शाळेच्या संघातूनच जाते. शाळेत संघ नसल्यास नांदेडच्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात चौकशी करता येते. एखादा क्लब 'मान्यताप्राप्त' असल्याचे सांगत असेल, तर तो जिल्हा संघटनेमार्फत 'विफा'शी, म्हणजे १९११ साली स्थापन झालेल्या वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनशी संलग्न आहे काय, ते पडताळावे.

कोल्हापूरच्या पालकाला ही यातायात नाही. तेथे पाटाकडील, खंडोबा यांसारख्या तालमींचेच संघ आहेत आणि मूल शाहू स्टेडियमवरील सामने पाहतच मोठे होते. तरीही २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला कोल्हापूरचा अनिकेत जाधव घडला तो पुण्याच्या बालेवाडी येथील क्रीडा प्रबोधिनीत. राज्य शासनाची ही निवासी योजना १९९६ पासूनची असून तेथे प्रवेश निवड चाचण्यांतून मिळतो. दूरच्या तालुक्यांतील मुलांसाठी हा खरा पर्याय ठरू शकतो. परंतु दहा वर्षांचे मूल घराबाहेर ठेवणे ही सोपी गोष्ट नव्हे, आणि तो निर्णय हौसेपोटी होऊ नये. साधनांवाचून काय उभे राहू शकते, याचे उदाहरण नागपुरात आहे. विजय बारसे यांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतील मुलांसाठी सुरू केलेल्या उपक्रमावर पुढे २०२२ मध्ये 'झुंड' चित्रपट आला.

क्लब सापडल्यावर पैसे भरण्याची घाई करू नये. दोन-तीन दिवस मैदानाच्या कडेला उभे राहून सराव पाहावा. चेंडू मुलांच्या पायाशी किती वेळ असतो आणि रांगेत उभे राहण्यात किती वेळ जातो, एवढे पाहिले तरी बरेच कळते. आठ वर्षांखालील मुलांना तीन क्रमांकाचा, आठ ते बारा वयोगटाला चार क्रमांकाचा आणि त्यापुढे पाच क्रमांकाचा चेंडू योग्य मानला जातो. सर्वांना एकच मोठा चेंडू देणारा प्रशिक्षक मुलांचा नव्हे, निकालाचा विचार करतो असे खुशाल समजावे. प्रशिक्षकाकडे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा 'डी' किंवा त्यावरचा परवाना आहे काय, हे विचारण्यात संकोच नसावा. हलते गोलपोस्ट जमिनीशी पक्के बांधलेले हवेत; ते कलंडून जीवघेणे अपघात होतात. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात सराव भल्या सकाळी अथवा सूर्य कलल्यावरच व्हावा. मुलींसाठी कपडे बदलण्याची व स्वच्छतागृहाची सोय आहे काय, आणि बाहेरगावच्या सामन्यांना सोबत कोणी महिला असते काय, याची उत्तरे मोघम मिळाल्यास तो क्लब सोडून द्यावा.

जन्मदाखला खराच द्यावा. वय चोरून लहान गटात खेळवण्याचा सल्ला देणारे भेटतात. पुढे अस्थिचाचणीत ते उघडे पडते आणि शिक्षा मुलाला होते. कोणत्याही नोंदणी अर्जावर सही करण्यापूर्वी, क्लब सोडायचा झाल्यास काय करावे लागेल, हे लेखी मागून घ्यावे. १८ वर्षांखालील खेळाडूशी तीन वर्षांहून अधिक मुदतीचा व्यावसायिक करार करण्यास 'फिफा'च्या नियमांत मुभा नाही.

महागड्या बुटांची खरेदी मात्र महिनाभर लांबवावी. तोवर साधे कॅनव्हासचे बूट आणि नडगीला पॅड पुरेसे होतात.